चक्रातून बाहेर पडणारं सायट्रेट : इन्सुलिन स्रवणाऱ्या गाठीच्या पेशींचा आढावा

वर्धा जिल्ह्यातल्या रोहण्यात किंवा आर्वी तालुक्यातल्या कुठल्याही गावात ‘शुगर’ म्हटलं की लोक एकच अर्थ घेतात, साखर वाढली. गोळी, पथ्य, पायाची न भरणारी जखम, डोळ्यांची तपासणी हे सगळं आता घरोघरी ठाऊक झालं आहे. आयसीएमआर-इंडियाब पाहणीचा २०२३ साली प्रसिद्ध झालेला आकडा देशात १० कोटी १० लाख मधुमेही असल्याचं सांगतो, म्हणजे प्रौढांपैकी ११.४ टक्के. याच्या अगदी उलट आजार फार थोड्यांना माहीत असतो. स्वादुपिंडात दोन सेंटिमीटरपेक्षाही लहान गाठ होते, ती गरज नसताना इन्सुलिन ओतत राहते आणि कुठलंही औषध न घेता माणसाची साखर धोक्याच्या पातळीखाली जाते. या गाठीला इन्सुलिनोमा म्हणतात. जगभरात दर दहा लाख माणसांमागे वर्षाला १ ते ४ नवे रुग्ण सापडतात. २०११ च्या जनगणनेत वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १३ लाख होती. तोच दर इथे लावला, तर जिल्ह्यात वर्षाला एखाद-दोन ते पाच रुग्ण निघायला हवेत.

निघतात का, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण या आजाराचं सोंग फसवं असतं. पहाटे, उपवासाच्या दिवशी, किंवा शेतात उन्हात काम करून जेवायला उशीर झाला की घाम फुटतो, हात थरथरतात, दोन-दोन दिसतं, बोलणं असंबद्ध होतं, कधी झटका येतो. कोणी तोंडात गूळ-साखर घातली की दहा-पंधरा मिनिटांत माणूस ताळ्यावर. घरच्यांना वाटतं मिरगी आहे, कोणाला वाटतं बाहेरचं काही आहे, आणि कित्येकांना वर्षानुवर्षं फिटच्या गोळ्या चालू राहतात. खाल्लं की बरं वाटतं हे रुग्णाला स्वतःला उमगतं, म्हणून तो सारखं खातो आणि वजन वाढतं. अमेरिकी शल्यचिकित्सक ॲलन व्हिपल यांनी १९३०च्या दशकात तीन खुणा एकत्र मांडल्या. साखर उतरल्याची लक्षणं, त्याच वेळी रक्तातली साखर खरोखर कमी असणं आणि साखर दिल्यावर लक्षणं जाणं. आज साखरेची रेषा डेसिलिटरमागे ५५ मिलिग्रॅमवर धरतात. झटका चालू असताना बोटाच्या टोकाला सुई टोचून पाहिलेला एक थेंब इथे लाखमोलाचा ठरतो. पुढे रुग्णाला दाखल करून ७२ तासांपर्यंत उपाशी ठेवतात आणि साखर उतरलेली असताना इन्सुलिन व त्याच्याबरोबरच स्रवणारं सी-पेप्टाइड मोजतात. ही चाचणी सेवाग्राम किंवा सावंगीसारख्या मोठ्या रुग्णालयाचं काम आहे. पण शंका घेण्याचं काम गावातच व्हायला हवं.

या आढाव्याचा विषय मात्र त्या गाठीतली पेशी हा आहे. साखर कमी असताना ती इन्सुलिन का सोडते, आणि निरोगी पेशी साखर वाढल्यावरच का सोडते, याचं उत्तर शोधताना गेल्या चाळीसेक वर्षांत सायट्रिक आम्ल चक्राची एक वेगळीच बाजू उघडी पडली. माझं मत आधीच सांगतो. इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशीत या चक्रात किती इंधन जळतं याइतकंच, कदाचित त्याहून जास्त, महत्त्व चक्रातून काय बाहेर काढलं जातं याला आहे. आणि ही गोष्ट आपण जवळजवळ पूर्णपणे उंदरांच्या गाठींकडून शिकलो आहोत, त्यामुळे ती माणसाला लावताना हात आखडताच ठेवायला हवा.

सायट्रिक आम्ल म्हणजे ढोकळ्यात घालतो ते निंबूफूल. आर्वी, आष्टी, कारंजा या आपल्या संत्रा पट्ट्यातल्या प्रत्येक फळात ते असतंच. कार्ल शेले यांनी १७८४ साली लिंबाच्या रसातून ते स्फटिकरूपात वेगळं केलं. प्राण्याच्या पेशीत त्याचं काय काम, हे कळायला मात्र १९३७ साल उजाडलं. नाझी राजवटीने फ्रायबर्गमधून काढून टाकलेले हान्स क्रेब्ज इंग्लंडला आले, आधी केंब्रिजमध्ये गाउलंड हॉपकिन्स यांच्या विभागात राहिले आणि मग शेफील्डला गेले. तिथे विल्यम जॉन्सन या विद्यार्थ्याबरोबर कबुतराच्या छातीच्या स्नायूवर काम करताना त्यांना चक्राची कडी जुळली. ‘नेचर’ने त्यांचं पत्र छापायला नकार दिला, ते ‘एन्झायमोलोजिया’त छापून आलं आणि १९५३ साली त्याच कामाला नोबेल मिळालं.

त्याच १९३७ साली, त्याच हॉपकिन्सच्या विभागात एक मराठी मुलगी दाखल झाली. कमला भागवत, म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी, दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या भगिनी. बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी असतं हे त्यांनी दाखवलं आणि १९३९ साली पीएच.डी. मिळवली. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला मानल्या जातात. सायटोक्रोम-सीचा आपल्या विषयाशी जवळचा संबंध आहे. क्रेब्जच्या चक्रात अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन शेवटी ज्या साखळीतून ऑक्सिजनपर्यंत पोचतात, त्या साखळीतली ती एक कडी. चक्राचं शोधकार्य शेफील्डला चाललं होतं तेव्हा त्याच्या पुढच्या टप्प्याचा एक दुवा आपल्याकडची एक बाई केंब्रिजमध्ये तपासत होती, हे आपल्या जीवरसायनशास्त्राच्या वर्गात आवर्जून सांगायला हवं.

आता चक्र थोडक्यात. चार कार्बनांचं ऑक्झॅलोॲसिटेट आणि दोन कार्बनांचा ॲसिटिल गट मिळून सहा कार्बनांचं सायट्रेट होतं. एका फेरीत दोन कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातात, ऊर्जा वाहणारे रेणू तयार होतात आणि चार कार्बनांचं ऑक्झॅलोॲसिटेट पुन्हा उरतं. हे सगळं मायटोकाँड्रियात, म्हणजे तंतुकणिकेत चालतं. शाळेत शिकवतात ते इथपर्यंत.

इन्सुलिनच्या बाजूने गोष्ट वेगळ्या वाटेने आली. पॉल लँगरहान्स यांनी १८६९ साली स्वादुपिंडातली पेशींची बेटं पाहिली. बँटिंग आणि बेस्ट यांनी १९२१ साली टोरांटोत इन्सुलिन मिळवलं. सहाच वर्षांनी, १९२७ साली, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये वारंवार साखर उतरणाऱ्या एका रुग्णाचं, तो स्वतः शल्यचिकित्सक होता, पोट उघडलं तेव्हा स्वादुपिंडातली गाठ यकृतापर्यंत पसरलेली दिसली. त्या यकृतातल्या गाठींचा अर्क सशांना टोचला आणि सशांची साखर उतरली. एखादी गाठ संप्रेरक बनवते याचा इतका स्पष्ट पुरावा तोवर क्वचितच कोणाच्या हाती आला असेल. दोन वर्षांनी रॉस्को ग्रॅहम यांनी टोरांटोत अशी गाठ काढून रुग्ण पूर्ण बरा केला. इन्सुलिन जिथे सापडलं त्याच शहरात इन्सुलिनच्या अतिरेकावरची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया झाली.

प्रयोगशाळेची अडचण मात्र कायम होती. स्वादुपिंडात बेटांचा वाटा एक-दोन टक्केच. बीटा पेशी वेगळ्या काढल्या तर त्या वाढत नाहीत, काही दिवसांत बिघडतात. क्ष-किरणांच्या माऱ्याने उंदराच्या स्वादुपिंडात झालेली एक गाठ १९७७ च्या सुमारास संशोधकांच्या हाती आली आणि ती एका उंदरातून दुसऱ्यात लावता येऊ लागली. तिच्यातून आरआयएन नावाच्या पेशी निघाल्या. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या भांडारातून भारतातल्या अनेक प्रयोगशाळांना याच घराण्यातल्या पेशी मिळत आल्या आहेत. त्यांचा दोष असा की साखर वाढवली तरी त्या फारसा प्रतिसाद देत नाहीत. जिनिव्हात क्लेस वोल्हाइम यांच्या गटाने १९९२ साली त्याच प्रकारच्या गाठीतून आयएनएस-१ ही पेशीओळ काढली आणि ती या क्षेत्राची मुख्य साक्षीदार झाली.

ही पेशी जवळून पाहण्यासारखी आहे. तिला ३७ अंश तापमान, वासराचं सीरम आणि सुमारे २०० मिलिग्रॅम ग्लुकोज असलेलं पोषकद्रव लागतं. शिवाय कुजक्या अंड्यासारखा वास मारणाऱ्या मर्कॅप्टोइथेनॉलचा किंचित अंशही लागतो. त्याने पेशीतला ग्लुटाथायोन या संरक्षक रेणूचा साठा टिकतो. तो नसेल तर या पेशी नीट जगत नाहीत. त्या दुप्पट व्हायला सुमारे चार दिवस घेतात, म्हणजे गाठीच्या मानाने बऱ्याच संथ. त्यांच्यात इन्सुलिन असतं मूळ बीटा पेशीच्या पाचव्या हिश्शाइतकं. प्रयोगाच्या दिवशी त्यांना आधी ५० मिलिग्रॅमच्या आसपास साखर असलेल्या पाण्यात उपाशी ठेवतात, मग ३०० मिलिग्रॅम साखर देतात आणि तासा-दोन तासांत बाहेर आलेलं इन्सुलिन मोजतात. ज्या क्षारपाण्यात हे चालतं त्यालाही क्रेब्जचंच नाव आहे. मूळ आयएनएस-१ साखरेला दुपटीच्या थोडा वर प्रतिसाद देते. क्रिस्तोफर न्यूगार्ड यांच्या गटाने २००० साली तिच्यातून निवडलेली ८३२/१३ ही ओळ दहापटीच्या घरात जाते. एकाच गाठीतून निघालेल्या, काही तल्लख तर काही मंद, अशा बहिणी-बहिणी हाताशी आल्या आणि त्यांच्यात नेमका काय फरक आहे हे विचारता येऊ लागलं.

१९८४ मध्ये फ्रान्सेस ॲशक्रॉफ्ट आणि सहकाऱ्यांच्या कामातून इन्सुलिन सुटण्याचं जे चित्र तयार झालं, ते आज प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. ग्लुकोज पेशीत शिरतं, ग्लुकोकायनेज हे वितंचक (एन्झाइम) ते पकडतं, त्याचं पायरुवेट होतं, तंतुकणिकेत ते जळून एटीपी हा ऊर्जेचा रेणू वाढतो, एटीपीमुळे पेशीच्या पडद्यातलं पोटॅशियमचं दार बंद होतं, विद्युतभार बदलतो, कॅल्शियम आत येतं आणि इन्सुलिनच्या पिशव्या बाहेर फुटतात. गावातल्या औषध दुकानात मिळणारी ग्लिमेपिराइडची गोळी हेच दार परस्पर बंद करते. इन्सुलिनोमाच्या रुग्णाला देतात ते डायझॉक्साइड हेच दार उघडं धरून ठेवतं. चित्र खरं आहे, औषधांनी सिद्ध झालेलं आहे. या हिशेबात सायट्रिक चक्राला काम एकच, एटीपी पुरवणं.

१९९२ मध्ये हे चित्र अपुरं ठरलं. बेल्जियममधल्या हेन्क्विन यांच्या गटाने डायझॉक्साइडने दार उघडं ठेवलं, बाहेरून जास्त पोटॅशियम देऊन कॅल्शियम आत येऊ दिलं आणि मग साखर वाढवली. दार आणि कॅल्शियम दोन्ही बांधून ठेवलेली असताना साखरेबरोबर इन्सुलिन वाढलंच. म्हणजे ग्लुकोजच्या चयापचयातून एटीपीखेरीज आणखी काहीतरी निघतं, जे इन्सुलिन बाहेर पडण्याचा जोर वाढवतं. ते काय, यावर तेव्हापासून वाद चालू आहे, आणि माझ्या मते बीटा पेशीच्या जीवरसायनातला हा सर्वांत रसाचा भाग आहे.

पहिला धागा पायरुवेटच्या फाट्यावर सापडतो. तंतुकणिकेत शिरलेलं पायरुवेट दोन वाटांनी जाऊ शकतं. एक, ॲसिटिल होऊन जळायला. दुसरी, पायरुवेट कार्बोक्सिलेज या वितंचकाच्या हातून थेट ऑक्झॅलोॲसिटेट व्हायला. विस्कॉन्सिनचे मायकेल मॅकडॉनल्ड आणि इतरांनी दाखवलं की उंदराच्या बीटा पेशीत जवळपास निम्मं पायरुवेट दुसऱ्या वाटेने जातं. यकृतात हे समजू शकतं, तिथे ग्लुकोज बनवायचं असतं. बीटा पेशी ग्लुकोज बनवत नाही. मग ती चक्रात एवढी भर कशासाठी घालते? रहाटगाडग्यात तेच ते पाणी फिरत असेल तर विहिरीत नवा झरा लागत नाही. झरा लागतो तो पाटात पाणी सोडलं जात असेल तेव्हा. भर पडते आहे म्हणजे तितकंच काहीतरी तंतुकणिकेबाहेर सोडलंही जात असणार.

बाहेर सोडलं जाणारं मुख्य द्रव्य म्हणजे सायट्रेट, त्याचं जुळं आयसोसायट्रेट आणि मॅलेट. साखर दिल्यावर गाठीच्या पेशीत सायट्रेट वाढतं, आणि मॅकडॉनल्ड यांच्याच गटाने २००३ मध्ये आयएनएस-१ मध्ये ते लाटांनी वर-खाली होतं हेही नोंदवलं. इन्सुलिनही शरीरात लाटांनीच सुटतं, त्यामुळे हे निरीक्षण मला दुर्लक्ष करण्यासारखं वाटत नाही, जरी दोन लाटा एकत्र दिसणं म्हणजे एकीने दुसरी घडवणं नव्हे. २००२ मध्ये न्यूगार्ड गटाने किरणोत्सारी नसलेला जड कार्बन, कार्बन-१३, वापरून तल्लख आणि मंद बहिणींची तुलना केली. जळणाऱ्या वाटेवरून जाणारा प्रवाह आणि इन्सुलिन यांचा मेळ बसेना. मेळ बसला तो कार्बोक्सिलेजच्या वाटेने पायरुवेटच्या पुन्हा पुन्हा फिरण्याशी. माझ्या दृष्टीने या सगळ्या साहित्यातला हा सर्वांत कणखर प्रयोग आहे, कारण तो वितंचकाचं प्रमाण न मोजता प्रत्यक्ष प्रवाह मोजतो.

बाहेर आलेल्या सायट्रेटचं काय होतं? इथे तज्ज्ञांचे दोन तट पडले आहेत. मार्क प्रेन्टकी आणि बार्बरा कॉर्की यांची मांडणी १९८० च्या दशकाच्या अखेरीची. सायट्रेटचे तुकडे होऊन ॲसिटिल-कोए मिळतं, त्यातून मॅलोनिल-कोए होतं, त्याने चरबी जाळण्याचं दार बंद होतं आणि साचलेले मेदाम्लांचे रेणू इन्सुलिन बाहेर काढायला मदत करतात. हे तुकडे करणारं वितंचक म्हणजे एटीपी-सायट्रेट लायेज. त्याला रोखणारं एक आम्ल निसर्गात मिळतं, हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संस्थेत लुईस आणि नीलकंठन यांनी १९६५ साली ते मलबार चिंचेच्या फळातून ओळखलं, आणि आपल्या कोकणातलं कोकम हे त्याच कुळातलं, त्यातही हे आम्ल असतं. जगभरच्या बीटा पेशींच्या प्रयोगांत त्याचा वापर झाला. कोकम सरबत पिऊन मधुमेह बरा होतो किंवा वजन उतरतं असा अर्थ यातून कोणी काढू नये. फ्लास्कमधली मात्रा आणि पेल्यातलं सरबत यांचा काही संबंध नाही, आणि याच आम्लाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या वजन घटवण्याच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याचे रुग्ण नोंदले गेले आहेत.

२००७ साली एकाच नियतकालिकात, ‘जर्नल ऑफ बायॉलॉजिकल केमिस्ट्री’त, या लायेजवर परस्परविरोधी निष्कर्ष छापून आले. प्रेन्टकी यांच्या गटाने आयएनएस पेशींत ते दाबलं आणि इन्सुलिन कमी झालं असं लिहिलं. न्यूगार्ड यांच्या गटाने तेच केलं आणि इन्सुलिनवर परिणाम झाला नाही असं लिहिलं. कार्बोक्सिलेजचीही तीच कथा. २००६ मध्ये ते दाबूनही ८३२/१३ पेशी तशाच इन्सुलिन देत राहिल्या, कारण पेशीने दुसरीकडून भरपाई केली. २००८ मध्ये दुसऱ्यांनी ते जास्त काळ, जास्त दाबलं तेव्हा इन्सुलिन उतरलं. वाचकाला यात गोंधळ दिसेल. मला यात पेशीची हुशारी दिसते. एक वाट अडवली की ती दुसरी धरते, म्हणून एकेक वितंचक दाबून निकाल लावण्याच्या पद्धतीला इथे मर्यादा आहे.

दुसरा तट म्हणतो की सायट्रेटचे तुकडे करण्याची गरजच नाही. २००६ मध्ये न्यूगार्ड गटाने सायट्रेट आणि आयसोसायट्रेटला तंतुकणिकेबाहेर काढणारं वाहक प्रथिन अडवलं, इन्सुलिन उतरलं. बाहेर आलेल्या आयसोसायट्रेटवर काम करणारं पेशीद्रवातलं वितंचक दाबलं, तेव्हाही उतरलं. या वाटेवर एनएडीपीएच तयार होतं. २०१५ मध्ये कॅनडातल्या पॅट्रिक मॅकडॉनल्ड यांच्या गटाने पुढची कडी जोडली. एनएडीपीएचमुळे ग्लुटाथायोन ताजंतवानं राहतं, त्याने सेन्प-१ नावाचं वितंचक कामाला लागतं आणि इन्सुलिनच्या पिशव्यांना रोखून धरणारी पकड सैल होते. मर्कॅप्टोइथेनॉलचा उल्लेख वर मी उगीच केला नव्हता. ज्या पेशीला जगायलाच ग्लुटाथायोन बाहेरून राखावं लागतं, तिच्यात ग्लुटाथायोनवर चालणारा संदेश सापडणं कौतुकाचं आहेच, पण जपून वाचण्याचंही आहे. या गटाने मात्र माणसाच्या बेटांवरही काम केलं होतं, त्यात मधुमेही दात्यांची बेटंही होती, म्हणून त्यांच्या निष्कर्षाला मी जास्त वजन देतो.

आणखी एक दावा ग्लुटामेटचा होता, तो आता मागे पडला आहे. वोल्हाइम आणि मेश्लर यांनी १९९९ मध्ये ‘नेचर’मध्ये चक्रातून निघणारं ग्लुटामेट हाच संदेश असं लिहिलं, पुढच्याच वर्षी मायकेल मॅकडॉनल्ड यांनी ते नाकारलं. चक्रातच तयार होणाऱ्या जीटीपीचा दावा २००७ पासून टिकून आहे आणि त्याला आणखी तपासायला हवं.

आता साक्षीदाराच्या भरवशाचा प्रश्न. निरोगी बीटा पेशी दोन वितंचकांना जवळपास मज्जाव करते. एक, कमी साखरेतही ग्लुकोज पकडणारं हेक्सोकायनेज. दोन, लॅक्टेट बनवणारं आणि उलटं वापरणारं लॅक्टेट डिहायड्रोजनेज. त्याच्या जोडीला लॅक्टेट-पायरुवेट आत आणणारं एमसीटी-१ हे वाहकही ती बंद ठेवते. कारण उघड आहे. पळताना, ओझं वाहताना स्नायूंतून लॅक्टेट रक्तात येतं. ते बीटा पेशीत शिरून चक्रात गेलं, तर भर कामात इन्सुलिन सुटेल आणि साखर कोसळेल. निसर्गाने हा प्रयोग माणसावर केलेलाही आहे. काही कुटुंबांत एमसीटी-१ च्या जनुकाच्या आधीच्या भागात बदल असतो, ते बीटा पेशीत चालू राहतं, आणि अशा माणसांना दमछाकीच्या व्यायामानंतर थोड्याच वेळात साखर उतरून चक्कर येते. फिनलंडच्या ओटोन्कोस्की यांच्या गटाने २००७ मध्ये हे उलगडलं. चक्राच्या तोंडाशी कोणाला येऊ द्यायचं हे किती काटेकोरपणे ठरलेलं असतं याचा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही.

गाठीच्या पेशीत हीच शिस्त मोडते. आरआयएन घराण्यात हेक्सोकायनेज आणि लॅक्टेट डिहायड्रोजनेज दोन्ही बोकाळलेली असतात, म्हणून त्या साखरेतला फरक ओळखत नाहीत. ८३२/१३ बरीच सभ्य आहे, पण शेवटी तीही सतत विभागणारी पेशी. विभागणाऱ्या पेशीला नवा पडदा बांधायला चरबी लागते, आणि चरबीचा कच्चा माल सायट्रेटमधूनच येतो. मग तिच्यात दिसणारा सायट्रेटचा ओघ इन्सुलिनसाठी किती आणि वाढीसाठी किती? या प्रश्नाला बगल देऊन लिहिलेले बरेच लेख मला अपुरे वाटतात.

त्यात मायकेल मॅकडॉनल्ड यांनीच २०११ मध्ये मोठा धक्का दिला. ज्यांनी कार्बोक्सिलेजचं महत्त्व जगाला पटवलं, त्यांनी माणसाची बेटं तपासून लिहिलं की तिथे पायरुवेट कार्बोक्सिलेज आणि सायट्रेट लायेज उंदराच्या मानाने फारच कमी आहेत आणि साखर दिल्यावर माणसाच्या बेटांत ॲसिटोॲसिटेट जास्त तयार होतं. आपल्याच वीस-पंचवीस वर्षांच्या कामाला हद्द घालून देणारा हा प्रामाणिकपणा वाखाणण्यासारखा आहे. त्याच वर्षी फ्रान्समध्ये माणसाच्या भ्रूणातल्या स्वादुपिंडापासून एन्डोसी-बीटाएच-१ ही मानवी पेशीओळ तयार झाली, त्यामुळे असे प्रश्न आता मानवी पेशीलाही विचारता येतात. तरी कार्बोक्सिलेजची गोष्ट संपत नाही. २००९ मध्ये मॅकडॉनल्ड यांच्याच गटाने टाइप-२ मधुमेह असलेल्या माणसांच्या बेटांत तंतुकणिकेतली आणि सायट्रेटच्या वाटेवरची काही वितंचकं, कार्बोक्सिलेज त्यांत धरून, निरोगी बेटांपेक्षा कमी असल्याचं दाखवलं होतं. आधीच थोडं असलेलं आणखी घटतं, तेव्हा ते बिनमहत्त्वाचं म्हणता येत नाही.

प्रत्यक्ष मानवी गाठीवरचं काम थोडं पण मोलाचं आहे. चिनी संशोधकांनी २०१३ मध्ये सुमारे ३० टक्के इन्सुलिनोमांत वायवाय-१ या जनुकाचा एकच ठरावीक बदल शोधला. हे जनुक तंतुकणिकेच्या कारभाराशी जोडलेलं आहे, म्हणजे गाठ होण्याचं मूळ आणि इन्सुलिनचा अतिरेक यांची भेट चक्राच्या आसपासच होते. २०१५ मध्ये हेन्क्विन गटाने शस्त्रक्रियेत काढलेल्या मानवी गाठींचे तुकडे जिवंत ठेवून तपासले आणि सगळ्या इन्सुलिनोमा सारख्या वागत नाहीत, त्यांच्यात वेगवेगळे नमुने आहेत, असं मांडलं. काही गाठी साखरेला प्रतिसाद देतात, फक्त चुकीच्या पातळीला. ‘गाठ बेबंद असते’ हे सरसकट वाक्य त्यामुळे सोडून द्यायला हवं.

आपल्याकडे याचा संबंध कुठे येतो? पुण्याच्या केईएममध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी बारीक दिसणाऱ्या पण अंगात चरबी जास्त असणाऱ्या भारतीय शरीराचं चित्र जगापुढे ठेवलं. २००४ च्या ‘लॅन्सेट’मधला त्यांचा आणि जॉन युडकिन यांचा जोडफोटो प्रसिद्ध आहे, बीएमआय दोघांचा २२.३, चरबी एकाची ९.१ टक्के, दुसऱ्याची २१.२. जास्त चरबी याज्ञिकांची. भारतीयांना कमी वयात, कमी वजनात मधुमेह होतो, आणि त्यात बीटा पेशीचं लवकर थकणं हा मोठा भाग आहे हे आता मान्य होत चाललं आहे. थकते म्हणजे काय होतं, चक्रात भर घालणारी वाट आटते की बाहेर सोडणारी, हे जिनिव्हाच्या उंदरांवरून ठरवता येणार नाही. तंतुकणिकेवर काम करणारं इमेग्लिमिन हे औषध २०२१ मध्ये जपानने मान्य केलं आणि आता ते भारतातही मिळतं. म्हणजे या चक्राभोवतीची औषधं रोहण्याच्या दुकानापर्यंत पोचायला सुरुवात झाली आहे, आणि ज्यांच्यासाठी ती आहेत त्यांच्या पेशींची मोजमापं मात्र परदेशातली आहेत.

साधनं आपल्याकडे नाहीत असं नाही. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. रमेश भोंडे यांच्या गटाने बेटं वेगळी करण्यावर आणि ती टिकवण्यावर दीर्घ काळ काम केलं. मुंबईच्या केईएममधला अंतःस्राव विभाग इन्सुलिनोमाचे रुग्ण नियमित पाहतो. विदर्भातल्या अवयवदानाचं नियोजन नागपूरच्या विभागीय केंद्रातून होतं आणि मेंदूमृत दात्याचं स्वादुपिंड बहुतेक वेळा वापरलं जात नाही. शस्त्रक्रियेत काढलेली गाठही फॉर्मॅलिनच्या बाटलीत जाते आणि त्याच क्षणी तिचं चक्र थांबतं. रुग्णाची संमती आणि नैतिक समितीची परवानगी आधी घेऊन ठेवली, गाठीचा वाटाण्याएवढा तुकडा थंड पोषकद्रवात काही तासांत प्रयोगशाळेत पोचवला आणि त्याला कार्बन-१३ चं ग्लुकोज दिलं, तर पायरुवेट कुठल्या वाटेने किती गेलं, सायट्रेट बाहेर किती आलं, हे भारतीय माणसाच्या पेशीत थेट मोजता येईल. त्याच रुग्णाच्या कडेच्या निरोगी स्वादुपिंडाचा थोडा भाग शस्त्रक्रियेत निघालाच, तर तुलनेला बेटंही मिळतील. अशा दहा-बारा गाठींची मोजमापं एकत्र झाली तरी २००७ पासून लोंबकळत पडलेल्या लायेजच्या भांडणाचा माणसापुरता निकाल लागू शकतो. यासाठी पहिली गरज मात्र गावपातळीवरचीच आहे. झटका आलेल्या माणसाला साखर भरवण्याआधी आशाताईंनी किंवा आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी ग्लुकोमीटर लावून आकडा लिहून ठेवायचा, साखर लगेच द्यायची, आणि आकडा ५५ च्या खाली निघाला तर मिरगीची चिठ्ठी लिहिण्याआधी रुग्णाला सेवाग्रामला पाठवायचं.